पडद्याला जीभ फुटली

लंडन, ९ नोव्हेंबर १९३०

प्रिय बाबा,

पत्ता नेली आत्याला कळवलाच आहे. हे पत्र वाचायचं नसेल तर तिच्याकडे द्या, पण शेगडीत घालू नका. तिने पाठवलेला पार्किन, तो आल्याचा केक, काल पोचला. टपालात अर्ध्याचा चुरा झाला होता. चुराही खाल्ला.

मी ठीक आहे. स्टेशनामागे एका विधवा बाईंकडे खोली मिळाली आहे. 'लँटर्न' नावाच्या सिनेमा-साप्ताहिकाच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आहे. गालिचाच्या गिरणीच्या कचेरीत दोन वर्षं टायपिंग करून बोटं झिजवली ती फुकट गेली नाहीत.

तुम्ही मला 'जा' म्हणाला नाहीत, हे मान्य. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. बावीस दिवस आपण एका टेबलावर जेवलो, आणि मीठ हवं असलं तरी तुम्ही आत्याकडे बघून म्हणायचात, "तिला सांग, मीठ सरकव." त्यापेक्षा गाडी पकडलेली बरी वाटली.

एकदाच लिहिते, पुन्हा हा विषय काढणार नाही. आपल्या हॅलिफॅक्सच्या पेपरात माझा लेख गुरुवारी आला. 'पडद्याला जीभ फुटली' हे नाव संपादकाने दिलं, मी नाही. बोलपट ही चांगली गोष्ट आहे, आता पडद्यावरची माणसं माणसांसारखी बोलतील, एवढंच मी म्हटलं होतं. त्याच गुरुवारी संध्याकाळी ऑर्फियस थिएटरच्या मॅनेजरने, त्या थ्वेटने, मूकपटांना साथ करणाऱ्या तुम्हा अकरा वादकांच्या हातात पंधरा दिवसांच्या नोटिसा ठेवल्या. दोन्ही एका दिवशी घडलं हा योगायोग. थ्वेटने माझा लेख कापून तिकीटखिडकीच्या काचेत लावला आणि सगळ्यांना सांगितलं, "बघा, पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या पोरीलाही पटलंय." ते त्याचं काम, माझं नव्हे.

तुम्ही घरी येऊन आत्याला म्हणालात, "मयत अजून घरात आहे, आणि ही बाहेर बारशाची आमंत्रणं वाटतेय." मला ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणालात.

आई गेल्यावर मला ठेवायला जागा नव्हती म्हणून तुम्ही मला पडद्याखालच्या त्या वादकांच्या खड्ड्यात, तुमच्या खुर्चीशेजारी, बसवायचात. सहाव्या वर्षापासून मी सगळे मूकपट खालून पाहिले, नटनट्यांच्या हनुवट्या आणि नाकपुड्या. सिनेमा मला तुम्हीच दिलात. त्याबद्दल मत झालं तर इतका राग का?

लेख मागे घेणार नाही. छातीला गरम कपडा बांधत जा.

तुमची हेस्टर


लंडन, १९ मार्च १९३३

प्रिय बाबा,

सोबत कात्रण आहे. आधीच्या कात्रणांसारखीच याच्याही खाली 'एच. ओ.' अशी आद्याक्षरं दिसतील. ते मी.

असं झालं की आमचे समीक्षक मिस्टर क्रॅबट्री सकाळच्या खेळाला जाऊन झोपायचे. परत येऊन मला मजकूर सांगायचे आणि मी टाइप करायचे. मी तोच सिनेमा संध्याकाळी तिकीट काढून पाहिलेला असायचा, म्हणून चुका गुपचूप दुरुस्त करून टाकायचे. सहा महिने हे चाललं. मग एकदा त्यांनी नायकाचा करुण मृत्यू सांगितला, डोळे पुसत सांगितला, आणि तो नायक तर शेवटी लग्न करून बोटीवर चढतो. मी ते बदललं. संपादक पार्जिटर यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला बोलावलं.

"हे कोणी बदललं?"

"मी. तो मरत नाही."

"बाकीचंही बदलत असतेस?"

मी हो म्हटलं. नोकरी गेली असंच धरून चालले होते. त्यांनी मला समोर बसवून तीन सिनेमांवर लिहायला लावलं, आणि गेल्या मे महिन्यात क्रॅबट्री पेन्शनीत निघाले. पार्जिटरांची एकच अट, वाचकाला मी बाई आहे हे कळायला नको. गेल्या आठवड्यात श्रॉपशरच्या एका पाद्रीबुवांचं पत्र आलं, की श्री. एच. ओ. यांची शिस्तशीर भाषा पाहता ते लष्करात असावेत. पार्जिटरांनी ते भिंतीवर लावलंय.

आत्या लिहिते की तुम्ही रंगाऱ्याच्या कारखान्यात दारावर बसता आणि रविवारी चर्चमध्ये वाजवता. आणखी लिहिते की माझी कात्रणं तुम्ही शेगडी पेटवायला घेता, पण त्याआधी चष्मा लावता. मी पाठवत राहीन. शेगडी रोज लागतेच.

हेस्टर


लंडन, ११ ऑक्टोबर १९३६

प्रिय बाबा,

लग्नाला तुम्ही आला नाहीत. आत्या एकटी आली, तीन सँडविच खाऊन रडली, आणि लायनेलला म्हणाली, "हिला उपाशी ठेवलंस तर चालेल, गप्प ठेवू नकोस." लायनेल स्टुडिओत सेट रंगवतो. चांगला आहे.

कामाचं सांगते. एका मोठ्या कंपनीने राणीवर भव्य चित्रपट काढला. मी लिहिलं, की यात राणी आहे, सरदार आहेत आणि घोडे आहेत, आणि तिघांपैकी आपण कुठे आलो आहोत हे फक्त घोड्यांना ठाऊक आहे. कंपनीने 'लँटर्न'ला जाहिराती बंद केल्या आणि मला त्यांच्या कुठल्याही खेळाला बोलवायचं नाही असं ठरवलं. माफी मागितली तर पुन्हा बोलावतील म्हणे. पार्जिटर दोन दिवस माझ्याकडे बघेनात. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, की माफी मागणार नाही, पण सिनेमा पाहायला आमंत्रण कशाला लागतं? थिएटराला दार असतं.

आता मी किलबर्नच्या थिएटरबाहेर लोकांबरोबर रांगेत उभी राहते. 'आमच्या समीक्षकाने तिकीट काढून पाहिला' अशी ओळ पार्जिटर प्रत्येक परीक्षणावर छापतात, आणि खप वाढलाय. आमंत्रितांच्या खेळात सगळे सभ्यपणे गप्प बसतात. इथे तोच राणीचा चित्रपट पुन्हा पाहताना माझ्या मागे बसलेली बाई संत्रं सोलत नवऱ्याला म्हणाली, "ही राणी घरात कधी पाय आपटते की नाही?" मी आठशे शब्द लिहून जे म्हटलं नव्हतं ते तिने एका वाक्यात म्हटलं. तेव्हापासून माझं लिहिणं बदललं. तुम्हाला फरक जाणवला का, हे विचारणार होते. विचारत नाही.

हेस्टर


लंडन, २ फेब्रुवारी १९४१

प्रिय बाबा,

खिडक्यांना काचा नाहीत, पुठ्ठे आहेत, म्हणून भरदुपारी दिवा लावून लिहितेय. मी धड आहे. 'लँटर्न' कागदाअभावी बंद झालं. पार्जिटर आता आगीच्या पहाऱ्यावर बादली घेऊन छपरावर बसतात.

मी सरकारी खात्यासाठी पाच-पाच मिनिटांचे चित्रपट लिहिते. कोळसा कसा वाचवावा, बटाटा सालासकट कसा उकडावा. हसू नका. दहा वर्षं दुसऱ्यांच्या पटकथांवर नाक मुरडलं, आणि पहिल्यांदा लिहायला बसले तर साधं 'आत या' लिहिता येईना. एका चित्रपटात खरी शेतकरीण घेतली होती. मी तिला वाक्य दिलं, "आपण प्रत्येकीने आपला वाटा उचलला पाहिजे." ती दोनदा म्हणाली आणि थांबली. मला म्हणाली, "असं कोण बोलतं गं पोरी?" मग कसं बोलाल, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मी बोलणारच नाही. मी बटाटे उचलीन." तेच घेतलं. आमची संकलक आयडा लोमॅक्स म्हणते, वर्षभरात तेवढी एकच चांगली फिल्म झाली.

आता दोन गोष्टी. काल बॉम्बहल्ल्यात आमच्या गल्लीतली तीन घरं गेली. उद्यावर काही ठेवू नये असं वाटतंय.

पहिली गोष्ट. लायनेल बरा आहे असं मी दोन नाताळांना लिहिलं. तो बरा असेलही. तो ३९ सालीच दुसऱ्या एका बाईबरोबर कॅनडाला गेला.

दुसरी. तो योगायोग नव्हता. त्या आठवड्यात सोमवारी थ्वेट मला गिरणीच्या फाटकापाशी भेटला होता. त्याने सांगितलं, की गुरुवारी सगळ्या वादकांना काढणार आहे, बाबांना एवढ्यात बोलू नकोस. माझा लेख तेव्हा पेपराच्या कचेरीत होता, छापला नव्हता. मंगळवार होता, बुधवार होता. मी जाऊन परत मागितला असता तर त्यांनी दिला असता. मी गिरणीतून सुटून दोन्ही दिवस त्या कचेरीवरून घरी आले. आत गेले नाही. माझं नाव पहिल्यांदा छापून येणार होतं, बाबा. मला ते बघायचं होतं. आणि तुम्हालाही काही सांगितलं नाही. बुधवारी तुम्ही जेवणानंतर व्हायोलिनच्या गजाला राळ लावत होता आणि पुढच्या आठवड्याच्या चित्रपटासाठी कुठलं वाजवावं असं मला विचारत होता. मी तुम्हाला दोन चाली सुचवल्या.

एवढंच.

हेस्टर


लंडन, २२ जून १९४७

प्रिय बाबा,

मागच्या सहा वर्षांत नाताळच्या कार्डांपलीकडे मी काही लिहिलं नाही, कारण त्या पत्राचं उत्तर आलं नाही. तुमची चूक नाही. पण आज कोणाशी तरी भांडायचंय, आणि तुम्ही तसेही गप्पच राहाल.

गेल्या वर्षी मी एका मोठ्या स्टुडिओला पटकथा विकली. 'पाणी चढतंय' असं नाव. आपल्याकडच्यासारखी एक दरी, तिथे धरण होणार, सगळं गाव उठणार, आणि मार्था ग्रीनवूड नावाची विधवा उठत नाही. शेवटी ती उठते, पण हसत नाही. मी ती दोन वर्षं लिहिली. मार्था आपल्या गल्लीतल्या बायकांसारखी बोलते, शब्दाला शब्द.

काल निर्मात्याच्या खोलीत बैठक झाली. निर्माते कॉर्डरी, दिग्दर्शक हॅलम आणि मी. मार्थाचं काम डॅफ्ने व्हेल करणार असं मला तिथे कळलं. ती बाई साध्या चहाच्या कपालाही 'आपण' म्हणेल. कॉर्डरींनी पटकथेतलं एक पान काढलं. त्यात धरणाचा इंजिनिअर मार्थाला विचारतो, इथून काय न्यायचंय? आणि ती म्हणते, "दार. माझ्या नवऱ्याने केलंय ते. जमीन तुमची झाली असेल, दार नाही."

कॉर्डरी म्हणाले, "दार फार रुक्ष वाटतं. ती म्हणू दे, माझ्या आठवणी."

मी म्हटलं, "आठवणी न्यायला इंजिनिअरची परवानगी लागत नाही."

"आणि ही भाषा. अगं हेस्टर, लंडनमध्ये हे कोणाला कळणार?"

"लंडन सोडून उरलेल्या सगळ्या देशाला कळेल."

हॅलम सारा वेळ पाईप साफ करत बसले होते. मग कॉर्डरींनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. मार्थाचं त्या इंजिनिअरवर प्रेम बसायचं आणि शेवटी दोघांनी मोटारीतून वळून पाण्याकडे बघत हसायचं. मी साठ वर्षांची बाई लिहिली होती. ती आता पस्तिशीची झाली आहे.

मी नाही म्हटलं. कॉर्डरी अजिबात चिडले नाहीत. त्यांनी करार काढून सातव्या कलमावर बोट ठेवलं, की पटकथेत दुसऱ्या लेखकाकडून कसेही बदल करून घ्यायचा हक्क कंपनीला आहे. खाली माझी सही. दुसऱ्यांच्या सिनेमातली एकेक चूक पंधरा वर्षं वेचून काढली, आणि स्वतःचा करार वाचला नाही.

मग माझं नाव तरी काढा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, नाव राहणार. एच. ओ. ने स्वतः लिहिलेला चित्रपट म्हटलं की बाकीचे समीक्षक जरा जपून लिहितील.

मी दरवाजा आपटला नाही. हळू लावला. तुमची मुलगी आहे.

हेस्टर


लंडन, १८ एप्रिल १९४८

प्रिय बाबा,

सोबत कात्रण आहे. हे शेगडीत टाकण्याआधी चष्मा लावाच.

'लँटर्न' पुन्हा सुरू झालं आणि पार्जिटरांनी माझी जागा मला दिली. पहिल्याच अंकाच्या आठवड्यात मुख्य चित्रपट कुठला, तर 'पाणी चढतंय'. पार्जिटर म्हणाले, स्वाभाविकच यावर दुसरं कोणीतरी लिहील. मी म्हटलं, का? मी तिकीट काढून पाहिलाय. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुला पुन्हा कोणी काम देणार नाही, कळतंय ना?" कळतंय, म्हटलं.

तुम्ही कात्रण वाचाल न वाचाल, म्हणून शेवट इथे उतरवते: 'पहिली वीस मिनिटं कोणीतरी ती दरी पाहून लिहिली आहेत. त्यानंतर चित्रपट दरी सोडून दिवाणखान्यात जातो आणि परत येत नाही. श्रीमती व्हेल गाईला निरोप देतात तेव्हा गाय अधिक नैसर्गिक वाटते. दोष मात्र सगळा निर्मात्याचा नाही. पटकथालेखिकेने सही करण्याआधी करार वाचला असता तर हे घडलं नसतं. ती लेखिका मीच आहे, म्हणून हे खात्रीने सांगू शकते.'

बुधवारी अंक निघाला. शुक्रवारी कॉर्डरींच्या वकिलाचं पत्र आलं. सोमवारपर्यंत दोन स्टुडिओंनी माझ्याकडून मागवलेल्या कथा परत पाठवल्या, एकाने तर पाकीट न फोडताच. माझ्या कथा स्टुडिओंना विकून देणारे गृहस्थ म्हणाले, यापुढे त्यांना माझ्यासाठी वेळ काढणं जमणार नाही.

पश्चात्ताप नाही. भीती वाटते, पण ती वेगळी. मी सदतीस वर्षांची आहे, आणि मला आता फक्त मत देणं पुरत नाही. मार्था लिहिताना जे झालं ते मला पुन्हा हवंय. स्टुडिओ नसेल तर स्टुडिओशिवाय. कसं ते ठाऊक नाही.

हेस्टर


लंडन, ९ मे १९४८

प्रिय बाबा,

पाकिटावरचं अक्षर बघून मी आधी घाबरले. आत्याला काही झालं असं वाटलं. मग जिन्यातच बसून वाचलं.

तुम्ही लिहिता, की आत्या मागे लागली म्हणून तुम्ही सिनेमा बघायला ऑर्फियसमध्ये गेलात, अठरा वर्षांत पहिल्यांदा. तुमचं म्हणणं, मी परीक्षणात चित्रपटाला फार सोडून दिलं. ज्या बाईला दार उचलून न्यायचंय ती शेवटी त्याला कुलूप का लावते, हे माझ्या नजरेतून कसं सुटलं? सुटलं, बाबा. दाराचं वाक्य त्यांनी शेवटी राहू दिलं, ते दार मीच लिहिलं होतं, आणि तरी सुटलं. आणि ती कुलूप लावत असताना मागे तीस व्हायोलिनं वाजत होती, तुम्ही मोजलीत, आणि तुमच्या मते तिथे एकाचीही गरज नव्हती, माणूस कुलूप लावतो तेव्हा कुलूपच ऐकतो. हे वाक्य मी घेतलंय. पुढे वापरणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

मग ते पान उलटलं.

तुम्हाला तो सोमवार पहिल्यापासून माहीत होता. नोटीस देतानाच थ्वेटने सांगितलं, "तुमच्या पोरीला मी आधीच बोललो होतो." म्हणजे ते बावीस दिवस तुम्ही लेखावर रागावला नव्हता. मी कधी सांगतेय याची वाट बघत होता. आणि मी मीठ सरकवत बसले.

४१ साली माझं पत्र आलं तेव्हा तुम्ही त्याच दिवशी उत्तर लिहिलंत आणि टाकलं नाहीत, कारण ते फार गोड झालं होतं. दुसरं लिहिलंत, ते फार कडू झालं. "तुला सांगायला दहा वर्षं लागली, मला उत्तर द्यायला सात. म्हणजे तुझ्यापेक्षा मी तीन वर्षांनी चलाख." हे वाचून मी जिन्यात इतकी हसले की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बघितलं. नंतर त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

आता माझं उत्तर. बोलपट ही चांगली गोष्ट आहे हे मत मी मागे घेत नाही. तुम्ही मागितलंही नाहीये. पण मंगळवारी आणि बुधवारी मी त्या कचेरीत शिरायला हवं होतं, आणि तुम्हाला सांगायला हवं होतं. त्याबद्दल क्षमा मागते. क्षमा केली असं लिहू नका. तुमच्या पत्रात ते नाही हेच मला बरं वाटलं.

दुसरी गोष्ट. सरकारी फिल्मवाली आयडा लोमॅक्स आठवते? ती माझं परीक्षण हातात घेऊन आली. तिने स्वतःची छोटी कंपनी काढली आहे. दोन कॅमेरे, एक गाडी, आणि स्टुडिओ नाही. म्हणाली, "ज्या बाईने स्वतःलाच झोडपलं तिच्याशी करार करायला मला भीती नाही. काय लिहायचंय?" मी विचार न करता सांगितलं, सिनेमातले वादक. बोलपट येतो त्या आठवड्यातले अकरा वादक.

तुम्हाला आवडणार नाही. म्हणून तुमच्या तोंडावर सांगायला येतेय. शनिवारची गाडी, दुपारी पोचेन. सोबत वही असेल. मला तुम्हाला क्षमेसाठी नाही, शब्दांसाठी भेटायचंय. त्या खड्ड्यात तुम्ही एकमेकांशी काय बोलायचात ते मला आठवत नाही, मी वर बघत होते.

हेस्टर


लंडन, ३० जानेवारी १९४९

प्रिय बाबा,

तुम्ही तपासून पाठवलेली पटकथेची पानं मिळाली. पाकिटात आत्याने लोकरीचे मोजेही कोंबलेत, त्यामुळे पान सत्तावीस चुरगळलं. तिला काही बोलू नका.

आयडाला मी घरी आले त्या आठवड्याची गोष्ट पुन्हापुन्हा सांगत असते. तुम्ही दारात उभे होता आणि मी हात पुढे केला तर तुम्ही बॅगच घेतलीत. मग टेबलावर म्हणालात, "काय विचारायचं ते विचार. पण जेवताना वही नको." चार दिवस जेवणं किती लांबली. चेलोवाले इनॉक काका टॉफीच्या कारखान्यातून सुटून यायचे आणि तुम्ही दोघं वीस वर्षांपूर्वीच्या एका चुकलेल्या सुरावरून भांडायचात, ते सगळं मी न लिहिता लक्षात ठेवलं आणि वर खोलीत जाऊन उतरवलं. पटकथेचा अर्धा भाग तोच आहे.

तुमच्या लाल पेन्सिलीबद्दल. पहिला व्हायोलिनवाला आता चेलोवाला केला आहे, तुमच्या इच्छेप्रमाणे. इनॉक काका खूष आहेत, तो चेलोवाला म्हणजे आपणच असं ते समजतात. पान नऊवर ड्रमवाल्याने विनोद करायचा नाही, बरोबर, त्या माणसाने आयुष्यात विनोद केला नसणार. पान तेहतीसवर मी लिहिलं होतं की नोटीस वाचून सगळे स्तब्ध होतात. तुम्ही लिहिलंत, "स्तब्ध कसले, सात वाजता खेळ होता. वाद्यं सुरात लावायला बसलो." ते वाचल्यावर मी आधीची दोन पानं फाडली. आयडा म्हणते, तुमचं नाव श्रेयनामावलीत घालायला हवं. मी तिला सांगितलंय की तुम्ही वकील लावाल.

पान एकेचाळीस तुम्ही उभ्या रेघेने पुरतं खोडलंय. लेख परत मागायला मुलीच्या हातात दोन दिवस असतात आणि ती मागत नाही, ते पान. समासात लिहिलंय, "हे कशाला? लोकांना पोरीचा राग येईल. तिला काही माहीत नव्हतं असं कर."

बाबा, ते पान हातात घेऊन मी पुष्कळ वेळ खिडकीशी बसले होते. खाली दूधवाला गेला, कोळशाची गाडी गेली. पेन्सिल तुम्ही इतकी दाबून ओढली आहे की कागद मागच्या बाजूने उठून आलाय.

राग येऊ दे. तिला माहीत होतं. पान ठेवतेय.

शूटिंग चार एप्रिलला सुरू होतंय. बेचाळीसपासून पुढची पानं सोबत आहेत, शनिवारपर्यंत परत पाठवा.

हेस्टर